गाल फुगवायची खूण

प्रिय थोरल्या जाऊबाई,

तुमचा जुना माग भंगारात गेला आणि कारखान्यात त्याच्या जागी कमी आवाजाचे नवे माग आले. मालक म्हणतात, बाहेरच्या स्वस्त कापडापुढे टिकायचं तर दुसरा इलाज नाही. आता अख्खी रांग मी एकटी सांभाळते. पगार वाढलाय, कानठळ्याही बसत नाहीत. पण काम गेलं म्हणून तुम्ही दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलंत आणि माझे हात मुके झाले.

जुन्या खडखडाटात आपण हातांनीच बोलायचो. मिशीवर बोट फिरवलं की मुकादम आला. घरीसुद्धा तेच, गाल फुगवले की सासूबाई. सासूबाई समोर जेवत असायच्या आणि आपण गाल फुगवून त्यांच्याबद्दल मनसोक्त बोलून घ्यायचो. त्यांना पत्ताच नाही, या खुशीत!

काल जेवताना तुमच्या रिकाम्या जागेकडे बघून मी सवयीने खूण केली, ‘भाजी खारट झालीय.’

सासूबाईंच्या हातांनी उत्तर दिलं, ‘रोजच असते.’

माझा घास हातातच राहिला. लग्नाआधी त्याही मागावर कामाला होत्या म्हणे! इतकी वर्षं सगळं कळत होतं आणि बाई निवांत जेवत होत्या.

मग आम्ही दोघींनी हातांनीच गप्पा ठोकल्या. मुकादमापासून तुमच्यापर्यंत कुणालाच सोडलं नाही. किती दिवसांनी पोटभर बोलले!

हे पत्र मात्र तुम्हाला धाडता येणार नाही. उठताना सासूबाईंनी गाल फुगवून स्वतःकडे बोट दाखवलं आणि खुणावलं, ‘तिला सांगू नकोस. सुट्टीत येईल तेव्हा माझ्याबद्दल काय बोलते, बघायचंय मला.’

तुमची, पण सध्या सासूबाईंच्या पार्टीत गेलेली,
धाकटी जाऊ