नळी ओढून पाहताना

सोमवार
निवृत्तीनंतर घरी बसून सुनेच्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा ही नर्सची नोकरी बरी. क्ष-किरण विभाग स्वच्छ, खिडक्या मोठ्या, चहा गरम. ज्यांना गिळता येत नाही अशा मोठ्या माणसांच्या पोटात, पडद्यावर बघत, कातडीतून नळी बसवायची. अन्न थेट जठरात. यात माझा जन्म गेला. गुडघे कुरकुरतात, हात नाही.

मंगळवार
पहिले रुग्ण एक आजोबा. अर्धांगाचा झटका, घोटभर पाणी जात नाही. सोबत त्यांची सून. जठरात हवा, मग सुई, तार, नळी. डॉक्टरांनी सगळे बेताने केले. शेवटी नळी हलकेच ओढून पाहायची असते, टोकाची आतली चकती जठराच्या भिंतीला नीट टेकली का ते. टेक्निशियनने हात आडवा घातला. म्हणाला, सिस्टर, या खोलीत आम्ही ओढून बघत नाही. मी सुनावले की कामचुकारपणाला रीत म्हणू नये, आणि ओढली.
आतून उलट ओढले गेले. जठर आकसले असेल.

गुरुवार
दमले. नळीवरची कातडीपाशी असलेली खूण आत गेली आहे. आजोबांच्या सुनेला दटावले. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, मी बोटही लावलं नाही हो. बाबांना सगळं वेळेवर नळीतून देते, तरी वाळतच चाललेत. आजोबांनी माझे मनगट धरले आणि डोळ्यांनी पोटाकडे खुणावले.

शुक्रवार
पुन्हा पडद्याखाली घेतले. नळीतून रंगाचे औषध सोडले. जठरभर पसरले, फक्त नळीच्या टोकाभोवती जागा कोरी. पाच बोटांएवढी. मुठीसारखी मिटलेली. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, चष्म्याचा नंबर वाढलाय. टेक्निशियन पडद्याकडे बघेना.

शनिवार, दुपार
नळी आत जाते आहे. बाहेरची चकतीही कातडीत रुतली. सोडली तर आत जाईल, भोक उघडे पडेल, आजोबा हातचे जातील. म्हणून धरून बसले आहे. सून डॉक्टरांना आणायला गेली. टेक्निशियन दारातून बघून गेला. दार लावून गेला.

संध्याकाळ
डाव्या हाताने लिहिते. उजवा सुटत नाही— मी धरलेय असे वाटत होते. खांदा बधिर. कोणी आले नाही. हाका मारायचेही त्राण—

ओढ थांबली. हुश्श.

नाही. पुन्हा. पण हलके. अगदी हलके, मी ओढते तसे. मी नीट टेकले का, ते बघायला—