सोबतचा कागद

३ जून

आलं ते: तांदूळ पाच किलो – साडेबारा. साबणाच्या वड्या दोन – तीन. काडेपेट्यांचा पुडा – एक वीस. रॉकेल – सहा. टपालाने परदेशच्या विद्यापीठाचं मुंगीला पत्र – फुकट.

पत्र तिला दिलं, पाकीट मी ठेवलं. काय कागद आहे! जाड, तपकिरी, भलंमोठं. या वहीचं कव्हर फाटलंच होतं. कापलं नाही, दुहेरीच दुमडून घातलं. आता दोन वर्षं बघायला नको.

मुंगीला प्रवेश मिळाला. किड्यांचा अभ्यास! लहानपणी मुंग्यांच्या रांगेमागे रांगत जायची म्हणून लेकीला मुंगी म्हणतो. इथे विद्यापीठात चार वर्षं तेच केलं, आता पुढचं करायला सातासमुद्रापलीकडे बोलावतायत. शिवाय शिष्यवृत्ती. मला वाटलं नाचेल. तर पायरीवर बसून रडली. मग हसली. म्हणाली, तिकडे एका खोलीत नुसते भुंगे आहेत, टाचण्या लावून ठेवलेले, लाखभर. मी म्हटलं, मग केर कोण काढतं?

संध्याकाळी दिवा लावताना देवाशी बोलले. लिहू का? देवापाशी बोलले ते वहीपासून कशाला लपवायचं. म्हटलं – देवा, एवढं जमू देऊ नकोस.

४ जून

घोळ झालाय. पत्रात म्हटलंय, शिष्यवृत्तीचा कागद सोबत आहे, सही करून १५ जुलैच्या आत पोचवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि सोबत तर काहीच नाही.

मुंगीने विचारलं, पाकिटात आणखी काही होतं का. मी सांगितलं, नाही, झटकून पाहिलं होतं. पाहिलंच होतं. घरात येणारं प्रत्येक पाकीट झटकते मी. हे म्हणाले, "तुझ्या आईच्या हातून दोऱ्याचा तुकडा हरवत नाही. कागद तिकडेच राहिला असणार." झालं, मग कुणी शोधलंच नाही.

कागद पुन्हा पाठवा म्हणून तिने पत्र टाकलं. जायला दहा दिवस, यायला दहा, सही करून परत पोचायला दहा. जेमतेम बसतं.

९ जून

शिडी आली होती. मुंगीची वर्गातली मैत्रीण, ताडमाड उंच म्हणून शिडी. तीही तिकडेच चालली आहे. तिचा कागद आला, सही होऊन गेलासुद्धा. तिकडच्या थंडीसाठी कोट शिवायला टाकलाय, बाह्या दोनदा वाढवाव्या लागल्या म्हणे.

एवढी धिप्पाड पोर, पण घाबरलेली. सगळ्यांसमोर उत्तर देताना जीभ अडखळली तर? जेवायला शेजारी कुणी बसलंच नाही तर? मुंगी म्हणाली, मी बसेन की. मी कप उचलून आत आले.

शिडी गेल्यावर मुंगी आरशासमोर उभी राहून इंग्रजीत बोलत होती. नाव, गाव, काय शिकले, पुढे काय शिकायचंय. मॅट्रिकच्या जोरावर मला निम्मं कळलं. उरलेलं तिच्या तोंडावरून कळलं.

१४ जून

टपालवाला आला. विजेचं बिल.

१७ जून

मुंगीने कपाट उपसलं. काडेपेट्यांत ठेवलेले किडे सगळे जमिनीवर मांडले – त्रेसष्ट काडेपेट्या. सगळ्या मीच रिकाम्या करून दिलेल्या. बारा वर्षांत एकही फेकली नव्हती. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात किड्याचं नाव आणि सापडला ती जागा. एकीवर लिहिलंय, "आईच्या डाळीच्या डब्यात".

म्हणाली, या कुठल्यातरी शाळेला देऊन टाकते. मी म्हटलं, थांब की थोडं, पत्र येईल. ती म्हणाली, "आई, तू नको थांब म्हणूस. तू म्हटलंस की मला खरं वाटतं."

मला तिथे उभं राहवेना.

२१ जून

आठ दिवसांत मुंगी पोटभर जेवलेली नाही. फाटकाच्या आवाजाला उठते, परत बसते. टपालवाला बिचारा आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

देवा, मी बोलले ते मागे घेते. रागाने नव्हते बोलले. घर रिकामं होईल या भीतीने बोलले. तू इतक्या लोकांचं इतकं ऐकत नाहीस, माझं नेमकं हेच का ऐकलंस? चहातली साखर सोडली आहे. यांनी विचारलं, महाग झाली का. हो म्हटलं.

जप करताना मणी पुढे सरकतो, मन नाही.

२४ जून

आजही नाही. वीस दिवस भरले.

मुलींच्या एका शाळेत शिकवायची जागा आहे, दीड दिवसाच्या वाटेवर. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलंय. १ जुलैला तीन वर्षांच्या करारावर सही करायची, मध्ये सोडून जाता येणार नाही. मुंगी हो म्हणाली. यांनी तिला म्हटलं, अजून चार दिवस वाट पाहू. तिने सांगितलं, बाबा, वाट बघून बघून माझे डोळे दुखतात.

२६ जून

मुंगी गेली. पेटी मी भरली. काडेपेट्या घेतल्या नाहीत. गाडी सुटताना हात बाहेर काढून म्हणाली, "बरंच झालं ना आई, जवळच राहीन." माझ्या समाधानासाठी म्हणाली! तिला कुठे ठाऊक, मी काय मागितलं होतं.

२७ जून

दूध उतू गेलं. अर्धा लिटर वाया. वही ओट्यावरच होती, भिजली. कव्हर काढून वाळत घातलं.

२८ जून

मुंगीला पाठवलेल्या पत्राची नक्कल.

चि. मुंगीस आशीर्वाद.

तार मिळाली असेलच – करारावर सही करू नकोस. सोबत शिष्यवृत्तीचा कागद आहे. पाकीट मी झटकलं होतं, पण हा आत डिंकाला चिकटून राहिला होता आणि मी त्या पाकिटाचंच वहीला कव्हर घातलं. पंचवीस दिवस माझ्याच हाताखाली होता. दुधाने भिजून सुटला. कोपऱ्यावर डाग आहे, अक्षर शाबूत आहे.

दुसरं. सापडला तेव्हा घरात कुणी नव्हतं आणि स्टोव्ह पेटलेला होता. कागद हातात धरून मी किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. तू जाऊ नयेस असं मी देवाकडे मागितलं होतं, पहिल्याच दिवशी. हे तुला ठाऊक असावं. मग स्टोव्ह विझवला आणि चप्पल घालून पोस्टात गेले.

कागदावर सही कर आणि तिथूनच टाक. दहा दिवस धरले तरी पोचतो, मी तीनदा मोजलंय. काडेपेट्या जागच्या जागी आहेत.

तार वेळेवर मिळाली का, कागद टाकलास का, एवढंच उलट टपाली कळव. रागावली असलीस तरी कळव.