मीठ-हळद लावलेले नमुने

खालापूर,
३ फेब्रुवारी १९४९

प्रिय कोंडाजी,

माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालू नकोस. आधी हसायची गोष्ट सांगतो, मग हवं तर घाल.

माझ्यावर रागावून तू बहिणीकडे शेलूला गेलास, त्यानंतरही आपल्या तळ्यातले रोहू मरतच राहिले. रोज सकाळी पाच-सहा पोटं वर करून तरंगायचे. कशानं मरतात ते मला कळायलाच हवं होतं, तुझ्यासाठी तर जास्तच. शाळेतल्या मास्तरांनी मुंबईच्या मत्स्यखात्याला लिहिलं, तर उत्तर आलं, चार मासे तपासायला पाठवा. मी चार निवडले आणि टोपली आणायला गेलो. परत येतो तो तुझ्या नसीबाभाभीनं खवले काढून, पोटं साफ करून, मीठ-हळद लावून मासे केळीच्या पानात बांधलेले! वर मलाच म्हणते, "सायबाच्या घरी काय घाणीसकट मासा धाडायचा? लोक काय म्हणतील?" आणि मी शहाणा, मलाही ते पटलं. पार्सल रवाना झालं.

साहेब मोठा सज्जन. लिहिलं, मासे छान राखलेत, पण आम्हाला पाहायचं होतं तेवढंच तुम्ही काढून टाकलंत. सोबत औषधाच्या पाण्याची बरणी पाठवली. मेलेला नको, मरायला टेकलेला धरा आणि कल्ल्या-आतड्यांसकट बुडवा. मग तीन दिवस मी पहाटे गुडघाभर पाण्यात उभा. मासा हातून निसटला की तुझी आठवण यायची. तुझ्या हातून कधी निसटला नसता. शेवटी बरणीचं तोंड मेणानं बंद केलं आणि नागूच्या बैलगाडीत ती मांडीवर धरून कर्जत स्टेशन गाठलं.

काल अहवाल आला. कल्ल्यांत बारीक किडे आहेत. विष नाही. तळ्याकाठी तू गेळाच्या काट्या तोडल्यास त्या कुंपणासाठी, हे मला ठाऊक होतं रे. पण मेलेले मासे पाहून डोकं फिरलं, आणि भर चावडीवर मी म्हणालो, कोंडाजीनं गेळाची विषारी फळं टाकून मासे मारले. साप साप म्हणून भुई धोपटली. काल त्याच चावडीवर मास्तरांकडून अहवाल वाचवून घेतला आणि माझी चूक माझ्या तोंडानं सांगितली. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

साहेबानं सांगितल्याप्रमाणे तळ्यात चुना टाकलाय, आता मासे सावरतील. होळीआधी पहिलं जाळं पडायचं ते तुझ्या हातानं, म्हणून हे पत्र. मला माफ कर आणि ये. नसीबा विळी घासून बसली आहे. या खेपेला मीठ-हळद लावायला तिला साहेबसुद्धा अडवणार नाही.

तुझाच,
मुनाफ