पेचकस कानाला लावून

अण्णा, सगळ्यात आधी टपकली ती शेजारची मास्तरीण. गाडी टेम्पोतून खाली उतरायच्या आत हिचं नाक आमच्या फाटकात. आल्या आल्या मला विचारती, "ह्याचा पत्रा कुठाय ओ? चोरीला गेला का?" तिचं तरी काय चुकलं म्हणा. नुसता नळ्यांचा सांगाडा, त्यात एकाच माणसाची बसायची जागा, आणि जमिनीला इतकी टेकलेली की खालून मांजर जाणार न्हाई. शर्यतीची गाडी हाय, अण्णा. विकत आणलेली न्हाई. माझ्या नातीनं आणि तिच्या कालेजातल्या तीन पोरांनी नांदेडला वर्षभर खपून, नळ्या कापून, वेल्डिंग मारून स्वतः केलेली. लातूरला एका मोकळ्या मैदानावर चालवून बघायला नेत होते. कंधार काही त्यांच्या वाटेवर न्हाई, पण नात म्हणाली, आज्जीला दाखवून जाऊ. मला इतका आनंद झाला की पोह्यात मीठ दोनदा पडलं. पोरांनी बिचाऱ्यांनी गुमान खाल्ले.

मला वाटलं दाखवतील आणि जातील. पण गाडी चालू केली तर थंड असताना झकास, आणि तापली की गचके खाऊन बंद. पोरं कंप्युटर जोडून बघून राहिली, एकमेकांवर चिडून राहिली. पुढच्या महिन्यात खरी शर्यत, लांबलांबची कालेजं येणार, आणि ह्यांची गाडी दहा मिनिटांत बसायची. नात रडकुंडीला आली होती. मी ओट्यावरून ऐकत होते. मोटारसायकलचंच इंजिन, एका पिस्टनचं. मी उठले, त्यांच्या पेटीतला लांब पेचकस घेतला, ही पोरं स्क्रू ड्रायव्हर म्हणतात तो, टोक इंजिनाच्या डोक्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पोरं आधी हसली. मी म्हणलं, "धुराकडचं टॅपेट मुकं हाय. ते जरासं वाजू द्या." टिकटिक करतंय तोवर टॅपेट बरं असतं, गप्प झालं म्हणजे घट्ट बसलं, मग तापल्यावर ते व्हॉल्व्हची झडप दाबून धरतं, ती पुरती मिटत न्हाई आणि इंजिनाचा दम निसटतो. ह्या शहाण्यांना टिकटिक आवडली न्हाई म्हणून त्यांनी आवळून गप्प केलेलं. इंजिन गार होऊ दिलं, दाढीचं ब्लेड जाईल एवढी फट ठेवायला लावली, आणि गाडी अर्धा तास तापून पण बंद पडली न्हाई. एक पोरगं तर माझ्या पाया पडलं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी म्हणलं, माझ्या बापानं, मुखेडला ग्यारेज होतं त्यांचं.

खरं ते सांगितलं न्हाई. तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे मुखेडात कुणालाच ठाऊक नव्हतं, मग आता मी कशाला सांगू. चौथीतून माझं नाव काढलं ते त्यासाठीच. मी स्टुलावर उभी हाय, जीपचं बॉनेट उघडं हाय, पेचकस माझ्या कानाला, आणि तुमचं सगळं ध्यान माझ्या डाव्या हाताकडं. एक बोट म्हणजे आवळा, दोन बोटं म्हणजे सैल करा, मूठ म्हणजे बास. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रीच्या हाताला काय गुण हाय. एकदा मी विसरून गिऱ्हाइकासमोर तोंडानं बोलले, अण्णा, अजून सैल, तर माझे ओठ हललेले बघून तुम्ही तेलकट फडकं माझ्या अंगावर फेकलं. संध्याकाळी एसटी स्टँडवरून कागदात बांधून जिलबी आणलीत. माझ्यापुढं ठेवलीत आणि हात धुवायला निघून गेलात. तेवढंच.

मी काय सांगत होते. हां, पोरांचं. ब्रेक बघायला त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि मागचं चाक हातानं फिरवलं, तिथं पण मी पेचकस टेकवला होता. डाव्या बेरिंगात खरखर होती, दाताखाली वाळू यावी तशी. आणि मी गप बसले, अण्णा. मनात म्हणलं, राहू दे हे. बेरिंग जास्त वाजायला लागलं की आणतील परत आज्जीकडं. पुन्हा पोहे, पुन्हा फाटकात गर्दी. नातीचे आजोबा गेल्यापासून ह्या घरात बोलतो तो एक टीव्ही, आणि त्याला माझं काही ऐकू जात न्हाई.

टेम्पो गेला, धूळ बसली, मास्तरीण पण गेली. मी एक भाकरी थापली. ती तशीच ताटात झाकून ठेवली. ती गाडी चालवणार कोण, तर माझीच नात, आणि चाक निसटलं तर काय. तीन वाजता फोन लावला.

"मागचं डावं बेरिंग बदला. बदलल्याशिवाय तू गाडीत बसू नको."

"आज्जी, मग तवाच का न्हाई बोललीस?"

खोटं काही सुचलं न्हाई. म्हणलं, "तुम्ही परत आले असते, म्हणून."

तिच्या मागं पोरं कशावर तरी हसत होती. मग म्हणाली, "काम नसलं तरी येऊ की गं."

अण्णा, हे मी पहिल्यांदाच केलं असं न्हाई. लग्न ठरलं तवा तुम्ही म्हणाला होतात, धाकट्या भावाला कान शिकवून जा. मी त्याला दोन महिने शेजारी बसवलं आणि फक्त टॅपेट शिकवलं. बेरिंगाचं, गिअरचं माझ्याजवळच ठेवलं. वाटलं, काम अडेल आणि अण्णा मला न्यायला कंधारला येतील. तुम्ही आला न्हाई. गिऱ्हाईक तुटलं, ग्यारेजला कुलूप लागलं आणि तुम्ही दुसऱ्याच्या पंपावर डिझेल भरत उभे राहिलात. हे माझ्यामुळं झालं, हे मी आजवर कुणाजवळ बोलले न्हाई. पण पोरीचं ते बोलणं ऐकलं आणि मनात आलं, काम नसताना यायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? मुखेडहून कंधारला एसटी होतीच की.

राग न्हाई. नुसतं विचारून राहिले.

हा कागद नातीच्या जुन्या वहीतला. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले, तुम्ही आज असता तरी अक्षर तुम्हाला लागलं नसतंच. कुठं धाडायचा तर न्हाईच, गव्हाच्या डब्याखाली ठेवून देते. बेरिंग बदललं, गाडी नीट पळाली म्हणून काल फोन आला. आता माझ्याकडं त्यांचं काहीच काम उरलेलं न्हाई. रविवारी येतो म्हणालेत.