बटणांची बाजू

तीर्थरूप वन्संना,

कागदावरच वाकून नमस्कार (गुडघा आता तेवढंच वाकू देतो). तुमची कंबर काय म्हणते? आपलं रीळ आता माझी मुलगी आहे असं मी फोनवर सांगितलं आणि तुम्ही फोन ठेवलात, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून तुमची खुशाली नाही, म्हणून लिहिते. (रीळ हे टोपणनाव तुमच्या भावाने ठेवलं, पोर एका जागी ठरत नसे म्हणून. नशीब, ते दोन्हीकडे चालतं.)

मी वाचनालयात जाऊन नीट वाचून आले. शाळा सातवीत सुटली, पण आपल्या शिंपीकामाच्या दुकानात काजं करता करता मी काय काय वाचलंय ते तुम्ही पाहिलंय. शब्द आहे पारलिंगी. जन्मल्यावर दाईने जे सांगितलं ते ज्यांना आतून पटत नाही, ती माणसं. जुन्या कोशात नव्हता, ग्रंथपाल बाईंनी नव्या पुस्तकात काढून दिला. त्याची खूणही असते, एकाच वर्तुळाला बाण, अधिकचं चिन्ह आणि दोन्हींची मिळून एक तिसरी दांडी. मी हौसेने ती खडूने अस्तरावर काढून पाहिली, तर आपल्या म्हाताऱ्या कारागिरांनी तिथे खिशासाठी चीर दिली. त्यांना काय बोलणार? आपल्याकडे खडू दिसला की कात्री चालते.

मग पारलिंगींचा झेंडा शिवला. निळा, गुलाबी, पांढरा, पुन्हा गुलाबी, निळा. उलटा धरला तरी सुलटाच, असं सोयीचं काम जन्मात केलं नव्हतं. धुऊन दोरीवर टाकला, तर समोरच्या मास्तरीणबाई बाळाचं दुपटं समजून आल्या, काय झालं म्हणाल्या. मुलगी, म्हटलं. वजन किती? खोटं कशाला बोला. बासष्ट किलो.

फसले ती शर्टात. तिच्या नव्या नोकरीसाठी शिवला, झोकात इस्त्री केली, आणि बटणं पुरुषांसारखी उजवीकडे लावून बसले. डोक्याने शब्द दोन दिवसांत पाठ केला, हात मात्र जुन्याच वाटेने गेला. तिने आरशात पाहिलं, तसाच घालून गेली. दिवसभर मला यंत्रावर बसवेना. संध्याकाळी बदलायला मागितला तर म्हणाली, "राहू दे गं आई, बाबांच्या हातचा वाटतो." मी रडले नाही. (रडले, पण दुसरा बेततानाच.)

वन्सं, ती सहा वर्षांची असताना साटीनचं अस्तर गुंडाळून कापायच्या टेबलावर उभी राहायची, आठवतं? हे गळ्यातली टेप काढून अदबीने विचारायचे, "बाईसाहेब, लांबी किती ठेवू?" ती म्हणायची, "जमिनीपर्यंत." तुम्ही टेबलाला धरून हसत होतात. यांना जाऊन चार वर्षं झाली. शब्द त्यांना ठाऊक नव्हता, माप मात्र बरोबर घेत होते.

बाकी ठीक. तुमच्याकडून काही मागणं नाही.

तुमची भावजय

ता. क. मागणं आहे. बाळंतपणात तुम्ही पाळण्यात वाकून म्हणाला होतात, मुलगी असती तर माझी मोत्याची कानातली दिली असती. तिने कान टोचून घेतलेत.

ता. क. पोस्टाने पाठवू नका, वाटेत हरवतात. स्वतः घेऊन या.