अभिलेख आढळून येत नाही

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे, तिकडेही तसंच असेल. बाबांचा गुडघा कसा आहे? फिरायला जातात, की अजूनही पाणीकेंद्रातला कुणी जुना सोबती भेटेल म्हणून गल्लीच्या टोकावरून मागे वळतात?

मी तीन दिवस प्रशिक्षण देऊन घसा बसवून घेतलाय. बत्तीस कर्मचारी, विषय माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिलं. एकाने विचारलं, "मॅडम, माहिती कशाला हवी, हे अर्जदाराला विचारता येतं का?" म्हटलं, नाही. चहानंतर तोच पुन्हा, "पण तोंडी विचारलं तर?" पालथ्या घड्यावर पाणी! एका बाईंचं म्हणणं, तिसाव्या दिवशी उत्तर गेलं की झालं, त्यात काही असलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? डोकं आपटायला भिंतसुद्धा मोकळी नव्हती, सगळीकडे कपाटं.

काल मी तावातावाने सांगत होते, "'अभिलेख आढळून येत नाही' असं लिहिण्याआधी खुर्चीवरून उठा. शोधा. कुठे शोधलं ते नोंदवा." मागे बसलेले, निवृत्तीला आलेले एक कारकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधी उठला होतात का?" सगळे हसले. मीही हसले. मग सरावासाठी आमच्याच कार्यालयाने तेच उत्तर देऊन निकाली काढलेले अर्ज वाटले. गठ्ठा मी चाळला नव्हता. त्या कारकुनांच्या हाती तुझा अर्ज आला.

दादा, अकरा मिनिटं लागली त्यांना. पाणीकेंद्रातल्या त्या अपघाताचा चौकशी अहवाल पंपदुरुस्तीच्या फायलीत लावलेला होता. क्लोरीनचा व्हॉल्व्ह गळतोय हे बाबांनी तीनदा लेखी कळवलं होतं. त्यात गेलेल्या दोन कामगारांच्या मृत्यूला पंपचालक, म्हणजे आपले बाबा, जबाबदार नाही, असं स्पष्ट लिहिलंय. आणि बाबा चौदा वर्षं मान खाली घालून जगताहेत.

तू चार वर्षांपूर्वी अर्ज केलास, तेव्हा मी म्हणाले होते, "मी स्वतः शोधलं, नाहीये." मी शोधलं नव्हतं. एकोणतिसावा दिवस होता, दप्तरखान्याचा किल्लीवाला रजेवर होता. आधीच्या एका उत्तराची नक्कल करून सही ठोकली. आणि खरं सांगू? अहवालात बाबांचाच दोष निघाला तर, याची भीतीही होती. बत्तीस जणांवर ओरडताना माझी मलाच लाज वाटत होती.

नुसती झेरॉक्स पाठवत नाही. बाबा म्हणतील, पोरीने कुठून तरी करून आणली. त्यांना शिक्का लागतो. नवा अर्ज केलास तर शिक्क्याची प्रत मिळेल, पण माझं खोटं उत्तर दप्तरात खरं म्हणूनच राहील. म्हणून तू अपील कर, माझ्याविरुद्ध, माझ्या साहेबांकडे. माझं काय व्हायचं ते होऊ दे. मुदत कधीच संपलीय, पण सबळ कारण असलं तर अपील घेतात. उशिराच्या कारणाचा रकाना तेवढा कोरा सोडू नकोस. लिही, "बहिणीवर विश्वास ठेवला."

तुझी धाकटी,
तेव्हाची माहिती अधिकारी