भनपुरीचे रविवार

आर्नेकाका,

काल एका कचेरीत तुमच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरत होते. परदेशी माणूस गेला की कागद भरावेच लागतात. त्यात एक रकाना होता, 'भारतात राहण्याचे कारण'. माझं पेन तिथंच अडलं. बाबू म्हणाला, "दीदी, फोटोग्राफर लिख दो, चल जाएगा." मी लिहिलं. पण घरी आल्यावर राहवेना, म्हणून हे पत्र. सुरुवातीला 'प्रिय' लिहिलं नाही, रागावू नका. पंचवीस वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला. तो शब्द एवढ्यात कुठून आणू?

तुम्ही आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात भाड्यानं राहायला आलात, तेव्हा मी बारावीत होते. नॉर्वेचे इंजिनीअर, सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टी बसवायला आलेत, एवढंच बाबांनी सांगितलं होतं. सहा महिन्यांसाठी आला होतात. वर्षभरात नोकरी सोडलीत आणि आमच्याच पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ टाकलात! असं कोण करतं हो? इथली पोट्टी परदेशी जायला धडपडत होती आणि तुम्ही तिकडून येऊन "गर्दन थोडा नीचे, दीदी" म्हणत पासपोर्टचे फोटो काढत बसलात.

आई म्हणायची, "चांगला माणूस आहे."

मी म्हणायची, "चांगला माणूस आपला मुलूख सोडून इथं काहून राहीन?"

सिलतऱ्याचा विषय निघाला की तुम्ही लेन्स पुसायला घ्यायचे, हे मी टिपून ठेवलं होतं. रविवारी सकाळी स्कूटर काढायचे आणि दुपारी धुळीनं माखून यायचे. कुठं गेला होतात, ते कधी सांगितलं नाही. एकदा कपाळाला पट्टी बांधून आलात. स्कूटरवरून पडलो म्हणालात. स्कूटरवर एक ओरखडा नव्हता.

आणि आमची कुसुममावशी! आईची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवायची. रोज पाचला तुमच्या स्टुडिओत चहा. तिनंच तुम्हांला मराठी शिकवलं. म्हणून तर गोरा माणूस "मले चहा पाहिजे" म्हणायचा आणि अख्खा पारा, सारा मोहल्ला, हसायचा. दोनतीन वर्षांनी तुमच्या लग्नाची गोष्ट निघाली, बाबाही कबूल झाले. मीच तेवढी नाही झाले.

एका रविवारी मी स्कूटीनं तुमच्या मागं आले. तुम्हांला कळलं होतं का? भनपुरीत ट्रकांची रांग ओलांडून तुम्ही मजुरांच्या वस्तीत शिरलात. एका घरात हाक न मारता आत गेलात. एका बाईनं पाण्याचा लोटा आणला. तीन-चार वर्षांची पोट्टी तुमच्या पाठीवर चढली. मी तेवढंच पाहिलं आणि परत फिरले.

घरी येऊन सगळ्यांसमोर बोलले, "यांनी भनपुरीत बाई ठेवली आहे."

काय पाहिलं होतं मी? एक लोटा पाणी आणि एक पोर. बाकीचं सगळं माझं.

मावशीनं माझ्यासमोरच तुम्हांला विचारलं, "आर्ने, कोण आहे ती?" तुम्ही म्हणालात, "मी तिच्या घरी जातो. जाईन. जास्त विचारू नको." या उत्तराचा मला अजून राग येतो! दुसरं एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं? लग्न मोडलं. पाचचा चहा मात्र शेवटपर्यंत चालू राहिला. मला त्या चहाचाही संशय यायचा.

गेल्या महिन्यात भरदुपारी स्टुडिओच्या खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. तिसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. केस पिकलेले, चपला बाहेरच काढलेल्या. "मैं सुमित्रा. भनपुरी से." माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? आता ही हक्क सांगायला आली.

तिनं हक्क सांगितला नाही. तिचा नवरा धनसाय तुमच्या भट्टीवर कामाला होता. भट्टी फुटली, त्यात गेला. कारखान्यातून कोणी फिरकलं नाही. आठव्या दिवशी तुम्ही एकटे गेलात आणि म्हणालात, भट्टी चालवायच्या कागदावर दस्तखत माझं आहे.

"मैंने लोटा फेंक के मारा," ती म्हणाली. "माथा फूट गया. फिर भी बैठे रहे."

स्कूटरवरून पडलात म्हणे! खोटारडे!

हार घालायला घरात धनसायचा फोटो नव्हता. तुमच्याजवळ भट्टीचा एक फोटो होता, त्याच्या कोपऱ्यात तो उभा. तुम्ही तेवढाच तुकडा मोठा करून नेलात, पण चेहरा पुसट, धुरकट आला. ती म्हणाली, हा माझा माणूस नव्हे, "ये मोर आदमी नोहे, ये तो धुआँ हे." त्यानंतर तुम्ही नोकरी सोडलीत, चांगला कॅमेरा घेतलात आणि दर रविवारी त्या वस्तीतल्या एकेका मजुराला समोर बसवून त्याचा चेहरा काढलात. "हमारे पारा में अब कोई घर बिना फोटो का नहीं है," सुमित्राबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी मावशीजवळ रडले. "माझ्यामुळं तुझं लग्न मोडलं."

"नाही गं. पंधरा दिवसांनी मीही गेली होती भनपुरीले. सुमित्रानं सारं सांगितलं."

"मग लग्नाले नाही काहून म्हटलं? आणि मले काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी? तुले तर सगळं माहीतच होतं." मग म्हणाली, "त्याले तीनदा विचारलं. तिले सांगू शकला, मले नाही. ज्याचा आपल्यावर भरवसा नाही, त्याच्यासंग चहा पिता येते, संसार नाही करता येत."

काका, माझा संशय अजून गेलेला नाही. मावशीनं नाही म्हणावं, म्हणूनच गप्प बसला नाहीत ना? स्वतःला शिक्षा करून घेताना तिलाही करत आहात, हे सुचलं नाही तुम्हांला? सुमित्राबाईंनी एकदा विचारलं होतं, भट्टी ठीक नाही हे माहीत होतं का? तुम्ही म्हणालात, "शक था. फिर भी किया." तुम्हांला संशय होता तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. मला नुसता संशय होता, आणि मी बोलून मोकळी झाले.

मी त्या बाईला 'ठेवलेली' म्हटलं होतं, ते तात्यापाऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही. त्या दिवशी जाताना ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

येत्या रविवारी मी भनपुरीला जाईन. तिच्या दारात उभी राहून तो शब्द माझ्या तोंडानं तिला सांगेन. मावशी म्हणाली, "मी येते संग." मी नको म्हटलं. हे माझं वचन.

तुमच्या घरमालकाची पोट्टी,
वैशाली